खुर्ची आधी, पदवी नंतर: लोकसेवेसाठी व्यवस्थापनाचं पदव्युत्तर शिक्षण कसं निवडावं

पदवीचं शेवटचं वर्ष लागलं की प्रश्न येतो: सरकारात किंवा सरकारबरोबर काम करायचंय, मग एमबीए करू, एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करू, की थेट एमपीएससीला बसू? हा प्रश्न उलट्या टोकाने सुरू होतो. आधी कोणती खुर्ची हवी ते ठरवा. त्या खुर्चीसाठी गेल्या दोन-तीन वर्षांत निघालेल्या जाहिराती गोळा करा. जाहिरातीत 'शैक्षणिक अर्हता' नावाचा रकाना असतो. तो वाचा आणि मग अभ्यासक्रम शोधा. हे काम दोन संध्याकाळींचं आहे. ते न केल्यामुळे दोन वर्षं आणि काही लाख रुपये भलत्याच पदवीवर गेलेली मुलं दर वर्षी दिसतात.

खुर्च्या कोणत्या

पहिली स्पर्धा परीक्षेची. उपजिल्हाधिकारी, गटविकास अधिकारी, नगरपरिषदेचा मुख्याधिकारी ही पदं राज्यसेवेतून भरतात आणि अर्हता एकच, कोणत्याही शाखेची पदवी. पदव्युत्तर शिक्षणाला तिथे एकही जादा गुण नाही. यूपीएससीत खुल्या गटाला वयाची मर्यादा ३२ आणि संधी ६. म्हणजे दोन वर्षांचा निवासी अभ्यासक्रम घेताना तुम्ही वयातली दोन वर्षं खर्च करत असता. 'लोकप्रशासन' वैकल्पिक विषय घेतला तर अभ्यासक्रमाचा उपयोग होईल, हा हिशेब अर्धाच खरा आहे. त्या विषयाचा पहिला पेपर प्रशासकीय सिद्धांतांचा आणि दुसरा भारतीय प्रशासनाचा. व्यवस्थापनाच्या वर्गात यातला काही भाग येतो, पण सत्राची असाइनमेंट, गावातलं क्षेत्रकाम आणि पूर्वपरीक्षा असं तिन्ही एकदम पेलत नाही. परीक्षाच द्यायची असेल तर आधी ठरवलेले प्रयत्न पूर्ण करा आणि नंतर शिक्षणाकडे वळा. नाहीतर आधी शिक्षण, मग नोकरी करत परीक्षा. दोन्ही एकाच वेळी करणाऱ्याचं सहसा दोन्हीकडे थोडं थोडं राहतं.

दुसरी खुर्ची अभियानांची. 'उमेद', म्हणजे राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान, राष्ट्रीय आरोग्य अभियान, जागतिक बँकेच्या मदतीने चालणारे कृषी प्रकल्प. जिल्हा कार्यक्रम व्यवस्थापक, तालुका अभियान व्यवस्थापक अशी इथली पदं. यातल्या बऱ्याच पदांसाठी व्यवस्थापनातली, समाजकार्यातली किंवा सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी मागतात, म्हणजे पदवीची खरी किंमत इथे आहे. पण ही पदं कंत्राटी, बहुधा ११ महिन्यांच्या कराराची. करार वाढत जातो, मात्र वाढेलच असं कोणी लिहून देत नाही. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर 'सरकारी नोकरी लागली' म्हणून पेढे वाटून होतात.

तिसरी खुर्ची सरकारच्या दाराबाहेरची, पण रोज आत जा-ये करणारी. स्वयंसेवी संस्था, कंपन्यांचे सीएसआर विभाग आणि सल्लागार कंपन्यांचे प्रकल्प व्यवस्थापन कक्ष. २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५ ने ठराविक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करणं बंधनकारक केलं, तेव्हापासून हा बाजार वाढला. मंत्रालयात एखाद्या सचिवांच्या दालनाबाहेर लॅपटॉप घेऊन बसलेली पंचविशीतली मुलं दिसतात, त्यातली बरीच या कक्षांची असतात. पगार अभियानांपेक्षा बरा, सहीचा अधिकार शून्य.

चौथी खुर्ची म्हणजे ज्या सरकारी खुर्चीवर तुम्ही आधीच बसला आहात ती. सेवेत असलेल्यांचं गणित वेगळं आहे, ते पुढे पाहू.

कुठे काय मिळतं

ग्रामीण व्यवस्थापन म्हटलं की आणंदची इर्मा. वर्गीज कुरियन यांनी १९७९ मध्ये ती उभी केली. २०२५ मध्ये संसदेच्या कायद्याने तिचं त्रिभुवन सहकारी विद्यापीठ झालं. दूध संघ, उत्पादक कंपन्या, बचत गटांचे महासंघ, सहकारी बँका यांत काम करायचं असेल तर हा पहिला पर्याय. सहकाराशीच बांधून घ्यायचं असेल तर पुण्याची वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्था जवळची.

टाटा सामाजिक विज्ञान संस्था १९३६ पासूनची. देवनारच्या आवारात रुग्णालय प्रशासन, आरोग्य प्रशासन, समाजकार्य हे अभ्यासक्रम आहेत, आणि धाराशिव जिल्ह्यात तुळजापूरला ग्रामीण विकासाला वाहिलेला परिसर आहे. देवनारलाच शेजारी लोकसंख्या विज्ञानाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे. आरोग्य अभियानात आकड्यांशी खेळायचं असेल त्याने ती बघावी; मराठी मुलं तिच्याकडे उगाच दुर्लक्ष करतात.

धोरणाच्या बाजूने जायचं तर आयआयटी मुंबईचं धोरण अभ्यास केंद्र आणि बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाचा सार्वजनिक धोरणाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. अभियंत्यांसाठी आयआयटी मुंबईतच 'सितारा' नावाचं ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र आहे, १९८५ पासूनचं. तिथलं एम.टेक. करणारे पाणीपुरवठा योजना, सिंचन, ऊर्जा यांवर जिल्हा प्रशासनाबरोबर काम करतात. पाण्याच्या खात्यात रस असणाऱ्या सिव्हिल किंवा मेकॅनिकलच्या मुलाने एमबीएच्या आधी हा दरवाजा ठोठवावा.

शहरांसाठी मुंबईची अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था आहे, १९२६ पासूनची. तिच्या पदविका महापालिका आणि नगरपरिषदांच्या कर्मचाऱ्यांना ओळखीच्या आहेत. प्रतिष्ठेच्या यादीत ही संस्था वर नसते, पण नगरपरिषदेच्या विभागीय परीक्षांच्या आणि पदोन्नतीच्या जगात तिचं नाव चालतं.

परदेशाचा विचार असेल तर एमपीपी (मास्टर ऑफ पब्लिक पॉलिसी) आणि एमपीए (मास्टर ऑफ पब्लिक ॲडमिनिस्ट्रेशन) यांतला फरक आधी समजून घ्या. एमपीपी म्हणजे धोरणाचं विश्लेषण: अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, 'ही योजना चालते का' याचा हिशेब. एमपीए म्हणजे संस्था चालवणं: अर्थसंकल्प, मनुष्यबळ, अंमलबजावणी. नोकरीचा अनुभव असलेल्याला एमपीए जास्त फळतं. ब्रिटनची चेव्हनिंग शिष्यवृत्ती हवी असेल तर दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो, आणि शिक्षण संपल्यावर दोन वर्षांसाठी मायदेशी परतण्याची अट असते.

माहितीपत्रक कसं वाचायचं

मागच्या काही वर्षांत 'सार्वजनिक धोरण' नावाची पाटी लावलेले एमबीए पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखे उगवले. आत विपणन आणि वित्त शिकवणारे तेच प्राध्यापक, वर दोन पाहुण्यांची व्याख्यानं. ओळखायचं कसं? अनिवार्य विषयांच्या यादीत चार गोष्टी शोधा: सार्वजनिक वित्त, संख्याशास्त्र, प्रशासकीय कायदा आणि सरकारी खरेदी. शेवटचा विषय सर्वांत जास्त गाळला जातो, आणि नोकरीत सर्वांत आधी तोच अंगावर येतो. निविदा, जेम पोर्टल (सरकारी खरेदीचं संकेतस्थळ), न्यूनतम दर, राज्याच्या उद्योग विभागाने १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाने लागू केलेली खरेदी नियमपुस्तिका, हे माहीत नसलेला व्यवस्थापक पहिल्या सहा महिन्यांत लेखापालाच्या हातातलं बाहुलं होतो.

मग क्षेत्रकामाचे आठवडे मोजा. 'औद्योगिक भेट' ही क्षेत्रकामात धरू नका. सलग किती आठवडे, कुठे राहायचं, मूल्यमापन कोण करतं आणि त्याला श्रेयांक किती, हे प्रवेश कार्यालयाला ईमेलवर विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर ते उत्तरच समजा.

प्लेसमेंटच्या अहवालात सरासरी पगार पाहू नका, मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने लावलेल्या पगारांतला मधला आकडा पाहा. एकदोघांना बँकेत मोठं पॅकेज मिळालं की सरासरी फुगते. पगारापेक्षाही संस्थांची नावं वाचा. दहापैकी आठ जण विमा आणि सूक्ष्म वित्त कंपन्यांच्या वसुलीत गेले असतील तर तो अभ्यासक्रम लोकसेवेचा नाही, पाटी काहीही असो. सूक्ष्म वित्तात काम करण्यात वाईट काही नाही. फक्त ते ठरवून करावं.

आणि एक तांत्रिक फास. अनेक नामांकित संस्था 'पीजीडीएम' देतात. ही पदविका आहे, पदवी नव्हे. खासगी क्षेत्राला फरक पडत नाही. सरकारी जाहिरातीत मात्र 'पदव्युत्तर पदवी' असं लिहिलेलं असेल तर कागदपत्र छाननीत लिपिक पदविका बाजूला ठेवतो, आणि त्यात त्याची चूक नसते. म्हणून त्या पीजीडीएमला भारतीय विश्वविद्यालय संघाने एमबीएशी समकक्षता दिली आहे का, हे प्रवेशाआधी पाहा आणि ते पत्र छापून फाइलमध्ये लावा. आयआयएमना २०१७ च्या कायद्यानंतर पदवी देता येते, त्यामुळे तिथे हा प्रश्न उरलेला नाही. दूरशिक्षणाचं असेल तर त्या वर्षासाठी, त्या अभ्यासक्रमाला यूजीसीची मान्यता आहे का ते बघायचं. विद्यापीठ मान्यताप्राप्त असून भागत नाही.

तयारीचं वर्ष

कॅट, म्हणजे आयआयएम आणि इतर व्यवस्थापन संस्थांची प्रवेश परीक्षा. तिची नोंदणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, परीक्षा नोव्हेंबरच्या शेवटच्या सुमारास. तीन विभाग, प्रत्येकी ४० मिनिटं. सीयूईटी-पीजी, म्हणजे विद्यापीठांच्या पदव्युत्तर प्रवेशाची सामाईक परीक्षा, साधारण मार्चमध्ये. विधी विद्यापीठाच्या परीक्षेत बहुपर्यायी भागाबरोबर लिहिण्याचा भागही असतो. मुलाखती मार्च ते मे. काही संस्थांनी अलीकडे प्रवेशाची परीक्षा एकाहून जास्त वेळा बदलली आहे, तेव्हा वरच्या वर्गातल्या मित्राच्या सांगण्यावर विसंबू नका. ज्या वर्षी अर्ज करणार त्या वर्षीची अधिसूचना उघडा.

परीक्षेइतकंच वजन निबंधाला आणि मुलाखतीला असतं. त्यासाठी क्लास लावून उपयोग नाही. जून ते ऑक्टोबर या काळात स्वतःच्या गावाचा किंवा नगरपरिषदेचा एक छोटा अभ्यास करून ठेवा. कसा, ते सांगतो.

ई-ग्रामस्वराज पोर्टलवर जा. आपल्या ग्रामपंचायतीचा विकास आराखडा उघडा. १५ व्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ या काळात ग्रामपंचायतींच्या निधीतले ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छता यांसाठीच, आणि ४० टक्के अबंधित असे होते. आराखड्यातली पाच कामं निवडा: दोन बंधितची, तीन अबंधितची. प्रत्येक काम जागेवर जाऊन बघा. झालं का? कुठे झालं? कोणाच्या घराजवळ? मग ग्रामपंचायतीत जाऊन नमुना ८ आणि नमुना ९ पाहायला मागा. आठमध्ये कर आकारणी असते, नऊमध्ये मागणी. या दोन नोंदवह्या शेजारी ठेवल्या की गावाचं अर्थकारण उघडं पडतं. थेट 'माहिती अधिकार टाकतो' म्हणत जाऊ नका. ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (जुन्या ओळखीने ग्रामसेवक) कॉलेजचं पत्र दाखवा, सकाळी जा, ग्रामसभेच्या किंवा वसुलीच्या दिवशी जाऊ नका.

याच वेळी शासन निर्णय वाचायची सवय लावा. 'प्रस्तावना' सगळे वाचतात. खरी माहिती वरच्या 'वाचा' या यादीत आणि खालच्या लेखाशीर्षाच्या (खर्च कोणत्या खात्यावर पडणार त्या क्रमांकाच्या) ओळीत असते. 'वाचा' मधले जुने निर्णय उघडत गेलात की योजना कशी वळत आली ते कळतं. लेखाशीर्षाचे पहिले चार आकडे प्रधान शीर्ष: २२०२ शिक्षण, २२१० आरोग्य, २५१५ इतर ग्रामीण विकास कार्यक्रम. गावात आमदारांच्या नावाने '२५१५ चा रस्ता' म्हणतात, ते याच शीर्षावरून. मुलाखतीत 'तुमच्या गावातला रस्ता कोणत्या पैशातून झाला?' याला 'सरकारी योजनेतून' म्हणणारा आणि '२५१५ मधून, अंदाजपत्रकात गटार धरली नव्हती म्हणून दुसऱ्या पावसाळ्यात कडा वाहून गेल्या' म्हणणारा, यांत निवड करायला मंडळाला वेळ लागत नाही.

निबंध

बहुतेक ठिकाणी तो इंग्रजीत लागतो. तरी पहिला खर्डा मराठीत लिहा. इंग्रजीत सुरुवात केली की ठेवणीतली वाक्यं हात धरून येतात.

नमुना बघा. नेहमीची सुरुवात अशी: 'मला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे. खेड्यांचा विकास झाल्याशिवाय देशाचा विकास होणार नाही असं मला वाटतं.' या दोन वाक्यांत लिहिणाऱ्याबद्दल काहीच कळलं नाही.

आता हे, आकडे केवळ नमुन्यापुरते: 'आमच्या गावात पाणीपट्टी थकलेली ८६ घरं आहेत. त्यातली ५१ एकाच वाडीवरची. त्या वाडीला पाणी दिवसाआड, वीस मिनिटं येतं. वसुली नाही म्हणून पंपाची दुरुस्ती होत नाही, आणि दुरुस्ती नाही म्हणून लोक पैसे देत नाहीत. मासिक सभेत दोन वेळा दंडाचा ठराव झाला. पाण्याची वेळ बदलण्याचा एकदाही झाला नाही.' पुढचा परिच्छेद आपोआप सुचतो: ही गाठ सोडवायला मला काय येत नाही, आणि तुमच्या अभ्यासक्रमातला कोणता विषय ते शिकवतो. निबंधाला एवढंच लागतं. प्राध्यापकांची नावं पेरून, संस्थेची स्तुती करून शब्दमर्यादा संपवू नका. ती ५०० च्या आसपास असते आणि पटकन भरते.

मुलाखतीत हमखास फसणारी जागा म्हणजे 'मग यूपीएससी का देत नाही?' देत असाल तर देतोय म्हणा. लपवलेलं पुढच्या दोन प्रश्नांत बाहेर येतं, आणि तेव्हा ते खोटं बोलल्यासारखं दिसतं.

पैसे

शुल्काची रक्कम वाचताना वसतिगृह, खानावळ, क्षेत्रकामाचा प्रवास आणि लॅपटॉप वेगळे मिळवा. क्षेत्रकामाचा प्रवासखर्च संस्था देते की विद्यार्थी, हे माहितीपत्रकात क्वचित लिहिलेलं असतं, विचारून घ्या.

कर्जासाठी आधी पीएम विद्यालक्ष्मी पोर्टल बघा. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या या योजनेत यादीतल्या संस्थांसाठी तारण आणि जामीनदार लागत नाही. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल आणि दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याजसवलत नसेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या काळात ३ टक्के व्याजसवलत मिळू शकते. शाखेत कोणी 'तारण आणा' म्हणालं तर योजनेचं नाव घेऊन पोर्टलवरच अर्ज करा, म्हणजे अर्जाला क्रमांक राहतो. राज्यात बार्टी (अनुसूचित जाती), सारथी (मराठा, कुणबी), महाज्योती (ओबीसी, भटके-विमुक्त), टीआरटीआय (अनुसूचित जमाती) या संस्था आपापल्या गटांसाठी योजना चालवतात. त्यांच्या जाहिराती प्रवेशाच्या वेळापत्रकाशी जुळतीलच असं नाही, म्हणून पहिला हप्ता शिष्यवृत्तीवर ठेवू नका.

कर्जाचा ढोबळ नियम असा धरा: अभियानातल्या सुरुवातीच्या मासिक मानधनाच्या एक चतुर्थांशापेक्षा हप्ता जास्त जात असेल तर ते कर्ज तुम्हाला त्या नोकरीत राहू देणार नाही. दोन वर्षांत तुम्ही खासगी बँकेत असाल.

शिकत खिशाला हातभार हवा असेल आणि वय २१ ते २६ मध्ये असेल तर मुख्यमंत्री फेलोशिप बघावी. २०२५-२६ च्या फेरीत ६० जागा, मुदत १२ महिने, मानधन आणि प्रवास मिळून दरमहा ६१,५०० रुपये, सोबत आयआयटी मुंबईचं सार्वजनिक धोरणातलं पदव्युत्तर प्रमाणपत्र. पदवीला ६० टक्के आणि वर्षभराचा अनुभव लागतो. पदव्युत्तर शिक्षणाच्या आधी केली तर निबंधाचा प्रश्न मिटतो; नंतर करायची ठेवली तर वय निघून जाऊ शकतं.

सेवेत असाल तर

राज्य कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्ये अध्ययन रजेची तरतूद आहे. साधारण पाच वर्षांची सेवा झालेली हवी, रजा एका वेळी १२ महिने आणि सबंध सेवेत २४ महिने, आणि परत येऊन काम करण्याचं बंधपत्र. अर्ज फेटाळला जाण्याचं नेहमीचं कारण म्हणजे विषयाचा पदाशी संबंध न दाखवणं. 'व्यवस्थापनाचं उच्च शिक्षण' असं मोघम लिहू नका. तुमच्या कार्यासनाचं काम आणि अभ्यासक्रमातले तीन विषय शेजारी मांडून एक पानाचा तक्ता जोडा. प्रवेश मिळाल्यावर नव्हे, अर्ज करतानाच कार्यालयाची परवानगी मागा. नस्ती (फाइल) खालून वर जायला महिने लागतात.

रजा शक्य नसेल तर इग्नूचं लोकप्रशासनाचं एम.ए. किंवा नाशिकच्या मुक्त विद्यापीठातले अभ्यासक्रम. पुस्तकं चांगली, शिस्त तुमची.

कागदपत्रं

प्रवेश हातचा जातो तो बहुधा इथे. केंद्रीय संस्थांना, म्हणजे आयआयटी, आयआयएम, टाटा संस्था यांना, इतर मागासवर्गाचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. महाविद्यालयात दिलेला राज्याचा नॉन-क्रिमीलेअर तिथे चालत नाही. विमुक्त जाती, भटक्या जमाती असा वेगळा गट केंद्रात नाही. तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत असेल तर त्या गटातून अर्ज करायचा, नसेल तर खुल्यातून. एसईबीसीचं, म्हणजे राज्याने मराठा समाजाला दिलेलं आरक्षण केंद्रीय संस्थांत नाही. चुकीच्या गटातून भरलेला अर्ज मुलाखतीनंतरच्या छाननीत बाद होतो आणि तेव्हा दुरुस्ती देत नाहीत.

नॉन-क्रिमीलेअर आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) हे दोन्ही दाखले चालू आर्थिक वर्षाचे मागतात. म्हणजे जानेवारीत काढलेला दाखला जूनमध्ये प्रवेश घेताना जुना ठरू शकतो. अर्ज भरताना जुना जोडा, पण १ एप्रिल उजाडला की पहिल्या आठवड्यात नव्यासाठी अर्ज टाका. मे महिन्यात बारावीच्या निकालानंतर तहसीलच्या सेतू केंद्रावर जी रांग लागते, तिच्यात तुमचा नंबर यायला नको.